नव्या लॅपटॉपवर बांधलेला प्रोग्राम जुन्या पीसीवर चालवायचा तर

वागळे इस्टेट, रबाळे, महापे, तुर्भे या पट्ट्यातल्या लहान कारखान्यांसाठी सी आणि सी++मध्ये सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांची एक ठरलेली अडचण आहे. आपला लॅपटॉप उबुंटू २४.०४वर, आणि गिऱ्हाइकाच्या वजनकाट्याशेजारचा पीसी सेंटओएस ७ या जुन्या लिनक्सवर. त्या पीसीला इंटरनेट नाही. तो बदलायची मालकाची तयारी नाही, आणि खरं सांगायचं तर गरजही नाही. काटा वजन देतोय, पावती छापली जातेय. आपण पावतीच्या मजकुरातली एक ओळ बदलतो, पेनड्राइव्हवर नवी बायनरी (कोडपासून बांधलेली, थेट चालणारी फाइल) नेतो, चालवतो, आणि पडद्यावर येतं: ‘व्हर्जन जीलिबसी २.३४ नॉट फाउंड’.

यानंतर बहुतेक जण कंपायलरची, म्हणजे कोडची बायनरी करणाऱ्या प्रोग्रामची, आवृत्ती बदलून बघायला लागतात. त्यात दिवस जातो आणि हाती काही लागत नाही, कारण त्या ओळीत कंपायलरचं नावच नाही. जीलिबसी म्हणजे लिनक्सची मूळ सी लायब्ररी. ती ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर येते, कंपायलरबरोबर नाही. लॅपटॉपवर जीसीसी या लिनक्सच्या नेहमीच्या कंपायलरची जुनी आवृत्ती टाकली तरी लिंक होताना, म्हणजे कोड लायब्ऱ्यांना जोडताना, बायनरी लॅपटॉपच्याच जीलिबसीला जोडली जाणार. बायनरी कुठल्या कंपायलरने बांधली याच्याइतकंच, किंबहुना जास्त, ती कुठल्या सिस्टिमवर बसून बांधली याला महत्त्व आहे.

आधी दिशा समजून घ्या

जुन्या सिस्टिमवर बांधलेली बायनरी सहसा नव्या सिस्टिमवर चालते. उलट्या दिशेची हमी कोणीच देत नाही. कर्नलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, बाबतीत लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा नियम कडक आहे: आधी चालणारा प्रोग्राम नव्या कर्नलमुळे मोडता कामा नये. जीलिबसीनेही तेच पाळलंय, पण तिची पद्धत निराळी आहे आणि ती कळली की पुढचं सगळं सोपं जातं.

जीलिबसीतल्या प्रत्येक फंक्शनला आवृत्तीचं लेबल असतं, आणि एकाच फंक्शनची जुनी-नवी रूपं एकाच लायब्ररीत शेजारी शेजारी नांदतात. मेमरीतला मजकूर एका जागेहून दुसरीकडे उतरवणाऱ्या मेमकॉपीचं उदाहरण घ्या. एकमेकांवर येणाऱ्या मेमरीच्या तुकड्यांवर ते वापरायचं नाही हा नियम सुरुवातीपासून होता, पण पुष्कळ प्रोग्राम तो मोडून निभावत होते. वेगवान मेमकॉपी आल्यावर ते प्रोग्राम चुकीचं काम करायला लागले. म्हणून २०११मध्ये जीलिबसी २.१४ आली तेव्हा ६४ बिट इंटेल-एएमडी सिस्टिमवर नव्या मेमकॉपीला २.१४चं लेबल लावलं, आणि २.२.५ लेबलाचं जुनं, सोशीक रूप तसंच ठेवलं. जुन्या बायनरीला जुनं मिळतं, नव्याला नवं.

गोम इथेच आहे. लिंक करणारा प्रोग्राम, म्हणजे लिंकर, बांधणाऱ्या मशीनवर असलेलं सर्वांत नवं लेबल उचलतो. तुम्ही ही बायनरी तुर्भ्याला नेणार आहात हे त्याला कळायचा मार्ग नाही. ऑगस्ट २०२१मध्ये जीलिबसी २.३४ आली, तिने थ्रेडची लायब्ररी मुख्य लायब्ररीत विलीन केली आणि प्रोग्राम सुरू करून देणाऱ्या ‘लिबसी स्टार्ट मेन’ या फंक्शनलाही नवं लेबल लावलं. परिणाम असा, की उबुंटू २२.०४वर नेहमीच्या पद्धतीने रिकामं मेन बांधलं तरी त्या बायनरीला २.३४ हवी असते. तुमच्या कोडमध्ये नवं काहीच नसताना!

उबुंटू २४.०४वर आणखी एक भर पडली आहे. तिथे सी++मध्ये मजकुरातून आकडा वाचणारं स्ट्रटोल वापरलं, तर हेडर फाइल त्याचं नाव परस्पर बदलून सी२३ या सीच्या नव्या मानकातल्या रूपाकडे वळवते, आणि त्या रूपाचं लेबल २.३८ आहे. म्हणजे आकडा वाचण्यासारख्या साध्या कामासाठी २०२३ची लायब्ररी लागते.

पायरी १: कुठे काय बसलंय याची यादी

गिऱ्हाइकाकडच्या प्रत्येक मशीनवर ‘एलडीडी’ ही कमांड ‘व्हर्जन’ पर्यायासह चालवा. पहिल्या ओळीच्या शेवटी जीलिबसीचा आकडा येतो. प्रोसेसरचं मॉडेल आणि सिस्टिम ३२ बिट की ६४ बिट, हेही टिपून घ्या. फोनवर ‘आमच्याकडे लिनक्स आहे’ एवढंच उत्तर मिळतं, तेव्हा स्क्रीनचा फोटो व्हॉट्सअॅपवर मागवलेला बरा. सेंटओएस ७वर जीलिबसी २.१७ असते. रेड हॅट ८, अल्मालिनक्स ८ आणि डेबियन १० या तिन्हींवर २.२८. उबुंटू १८.०४वर २.२७, उबुंटू २०.०४ आणि डेबियन ११वर २.३१, रेड हॅट ९वर २.३४, उबुंटू २२.०४वर २.३५, डेबियन १२वर २.३६ आणि उबुंटू २४.०४वर २.३९. यादीतला सर्वांत लहान आकडा हा तुमचा तळ. पुढचे सगळे निर्णय त्या एका आकड्यावरून होतात.

पायरी २: बायनरी काय मागतेय ते बघा

लॅपटॉपवरच ‘ओबीजेडम्प’ला कॅपिटल टी हा पर्याय आणि बायनरीचं नाव द्या, येणाऱ्या यादीतून ‘ग्रेप’ने जीलिबसी असलेल्या ओळी वेगळ्या काढा. हवी असलेली प्रत्येक लेबल तिथे दिसते, शेजारी फंक्शनचं नावही. यादी क्रमाने लावताना ‘सॉर्ट’ला कॅपिटल व्ही द्यायला विसरू नका. साधा सॉर्ट अक्षरांप्रमाणे लावतो, त्यामुळे २.४ हे २.३४च्या खाली जाऊन बसतं आणि बघणारा फसतो.

सी++ असेल तर ‘जीलिबसीएक्सएक्स’ नावाची दुसरी लेबलंही तपासा. ही जीसीसीच्या सी++ लायब्ररीची. जीसीसी ४.८ची मजल ३.४.१९पर्यंत, जीसीसी ११ची ३.४.२९पर्यंत. सेंटओएस ७वर जीसीसी ४.८.५ असतं, तेव्हा ३.४.१९च्या वरचं एकही लेबल तिथे चालणार नाही.

ही तपासणी हाताने करायची गोष्ट नव्हे. बिल्ड स्क्रिप्टच्या शेवटी चार ओळी घाला: सर्वांत मोठं लेबल तळाच्या वर गेलं की बिल्ड फसलं असं जाहीर व्हावं. ऐरोलीच्या सिग्नलला गाडीत बसून कळण्यापेक्षा ते टेबलावर कळलेलं परवडतं.

पायरी ३: सर्वांत जुन्या सिस्टिमवर बसून बांधा

हा या कामाचा गाभा आहे. तळ २.१७ असेल तर २.१७च्या सिस्टिमवर बांधा, तळ २.२८ असेल तर अल्मालिनक्स ८वर. त्यासाठी जुना पीसी शोधायची गरज नाही. डॉकरची इमेज (जुन्या सिस्टिमच्या फाइलींचा तयार साचा) घ्या, ती कंटेनर म्हणून चालवा, सोर्सचं फोल्डर आत जोडा, आत बिल्ड करा आणि बायनरी बाहेर काढा. लिहायचं, डीबग करायचं ते आपल्या नेहमीच्या लॅपटॉपवरच. फक्त गिऱ्हाइकाला जाणारी बायनरी कंटेनरमधून निघाली पाहिजे.

‘पण मग जुना कंपायलर वापरावा लागेल, सी++१७ कुठून आणू?’ हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर रेड हॅटने देऊन ठेवलंय. त्यांचं डेव्हटूलसेट जुन्या सिस्टिमवर नवी जीसीसी देतं. त्याची युक्ती अशी: सी++ लायब्ररीचा जो भाग सिस्टिममध्ये आधीच आहे तो तिथूनच घ्यायचा, आणि जो नवा आहे तेवढाच बायनरीत कोंबायचा. त्यामुळे सी++१७चा कोड सेंटओएस ७वर मुकाट चालतो. रेड हॅट ८च्या कुळात याच गोष्टीचं नाव जीसीसी-टूलसेट आहे.

सेंटओएस ७चा आधार ३० जून २०२४ला संपला आणि नेहमीच्या सर्व्हरवरून त्याची पॅकेजेस गेली. ती आता व्हॉल्ट या संग्रहात आहेत, पत्ते बदलून घ्यावे लागतात. ती उठाठेव टाळायची असेल तर पायथॉनवाल्यांची ‘मेनीलिनक्स२०१४’ ही तयार इमेज घ्या. सेंटओएस ७वर आधारलेली, आत जीसीसी १० बसवलेली. पायथॉनशी संबंध नसला तरी काही बिघडत नाही, मी सी++साठी तीच सुचवतो.

इमेज मिळाली की ‘डॉकर सेव्ह’ने तिची टार फाइल काढून दोन ठिकाणी ठेवा. सोर्स कोड गिटमध्ये जपणारे पुष्कळ असतात. तो कोड ज्यावर बांधला जातो ती सिस्टिम जपणारे कमी. पाच वर्षांनी एएमसीचा (वार्षिक देखभालीचा) फोन येतो तेव्हा नडतं ते दुसरंच.

एक मर्यादा लक्षात असू द्या. कंटेनरमध्ये लायब्ऱ्या जुन्या असतात, कर्नल मात्र तुमच्या लॅपटॉपचाच. त्यामुळे कंटेनरमध्ये चाललं म्हणजे जुन्या कर्नलवर चालेलच असं नाही. याची उलट बाजूही आहे: सेंटओएस ६ची इमेज आजच्या अनेक लॅपटॉपवर सुरूच होत नाही, शेल १३९ हा कोड देऊन कोसळतो. व्हीसिसकॉल ही जुनी सोय नव्या कर्नलमध्ये बंद असते हे त्याचं कारण. बूट करताना कर्नलला ‘व्हीसिसकॉल=एम्युलेट’ दिलं की चालतं.

पायरी ४: काय आत कोंबायचं, काय नाही

‘स्टॅटिक-लिबएसटीडीसी++’ आणि ‘स्टॅटिक-लिबजीसीसी’ हे दोन पर्याय लिंक करताना बिनधास्त द्या. सी++ लायब्ररी बायनरीत येते, फाइल थोडी फुगते, आणि ३.४.काहीतरीची कटकट संपते. परवान्याचीही अडचण नाही, जीसीसीच्या रनटाइम लायब्ऱ्यांना तशी सूट दिलेली आहे.

जीलिबसी मात्र पूर्ण स्टॅटिक करू नका, म्हणजे बायनरीत कोंबू नका. नाव देऊन सर्व्हरचा पत्ता शोधणं, युजरची माहिती काढणं ही कामं ती चालू असताना वेगळ्या लायब्ऱ्या उघडून करते, आणि त्या बांधतानाच्याच आवृत्तीच्या असाव्या लागतात. लिंकर तशी ताकीदही देतो, पण इशाऱ्यांच्या गर्दीत ती हरवते. खरोखर एकटी, स्वयंपूर्ण बायनरी हवी असेल तर मसल ही दुसरी सी लायब्ररी वापरा. तिच्यात थ्रेडचा स्टॅक मुळात लहान असतो, १२८ केबीच्या आसपास. थ्रेडमध्ये मोठाले लोकल अॅरे घेणारा कोड तिथे पडतो; स्टॅकचा आकार स्वतः ठरवून द्या.

आणि एक काम कधीही करू नका: नव्या सिस्टिमची जीलिबसी फाइल पेनड्राइव्हवरून आणून जुन्या मशीनच्या लिब फोल्डरवर टाकणं. सिस्टिमचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम त्या फाइलवर उभा आहे. ती बिघडली की ‘एलएस’ चालत नाही, ‘सीपी’ चालत नाही, म्हणजे जुनी फाइल परत ठेवायलाही हत्यार उरत नाही. काट्यावर ट्रकांची रांग लागलेली असताना हा प्रयोग कोणी करून पाहू नये.

जीलिबसीखेरीज ज्या लायब्ऱ्या लागतात त्यांच्याबाबत ‘जुनं ते नव्यावर चालतं’ हा नियम ढिला पडतो. एन्क्रिप्शनची ओपनएसएसएल हे ठळक उदाहरण. सेंटओएस ७वर १.०.२ आहे, उबुंटू २०.०४वर १.१.१, २२.०४वर ३. प्रत्येकाच्या फाइलचं नाव वेगळं, त्यामुळे सेंटओएसवर बांधलेली बायनरी उबुंटूवर ‘लायब्ररी सापडत नाही’ म्हणून थांबते. अशा लायब्ऱ्या एक तर स्टॅटिक जोडा, नाही तर बायनरीच्या शेजारी फोल्डरमध्ये ठेवून आरपाथला (लायब्ऱ्या कुठे शोधायच्या ही बायनरीतली नोंद) ‘डॉलर ओरिजिन’ द्या, म्हणजे प्रोग्राम स्वतःच्या जागेपासून शोध घेईल. सुरक्षेचे अपडेट मग तुमच्या गळ्यात पडतात, हेही लक्षात घ्या.

पायरी ५: जुना सोर्स, नवा कंपायलर

आतापर्यंत बायनरीचं झालं. सोर्सची गोष्ट उलटी आहे: तिथे खरोखर कंपायलरच कडक होत गेलाय.

जीसीसी ६पासून सी++ची मूळ आवृत्ती सी++१४ झाली, जीसीसी ११पासून सी++१७. दुसऱ्या बदलात फंक्शनपुढे थ्रो लिहून अपवादांची यादी देणारा कोड थेट एरर देतो. ‘युझिंग नेमस्पेस एसटीडी’ आणि स्वतःचा ‘बाइट’ हा टाइप एकत्र असतील तर संदिग्ध नावाचा एरर येतो, कारण सी++१७मध्ये लायब्ररीचाच बाइट आला. उपाय सोपा: मेकफाइलमध्ये ‘एसटीडी=सी++११’ किंवा जे मानक तुमच्या कोडचं असेल ते स्पष्ट लिहा. कंपायलरच्या मर्जीवर सोडू नका.

जीसीसी १०ने एफ-नो-कॉमन हे वागणं मूळचं केलं. हेडर फाइलमध्ये ‘एक्स्टर्न’ न लिहिता ग्लोबल व्हेरिएबल ठेवलेला जुना सी कोड आता लिंक होताना ‘मल्टिपल डेफिनिशन’ म्हणतो. घाईत असाल तर एफ-कॉमन द्या. सवड मिळाली की हेडर दुरुस्त करा.

मे २०२४च्या जीसीसी १४ने सर्वांत जास्त जुना सी कोड अडवला, आणि माझ्या मते योग्यच केलं. फंक्शन जाहीर न करता वापरणं, पॉइंटर आणि इंटची सरमिसळ, न जुळणारे पॉइंटर, हे आधी नुसते इशारे होते, आता एरर आहेत. यातला धोका समजून घ्या. पॉइंटर परत देणारं आपलं एखादं फंक्शन जाहीर न करता बोलावलं, तर जुना कंपायलर गृहीत धरायचा की ते इंट परत देतं. ३२ बिटमध्ये इंट आणि पॉइंटर दोन्ही ४ बाइटचे, त्यामुळे वर्षानुवर्षं निभावलं. ६४ बिटमध्ये पॉइंटर ८ बाइटचा, आणि वरचे ४ बाइट कापले जातात. प्रोग्राम कधी चालतो, कधी पडतो, आणि दोष रॅमवर येतो. ‘एफ-परमिसिव्ह’ देऊन हे एरर पुन्हा इशारे करता येतात; पण तो पर्याय जिथे दिसेल तिथे प्रत्येक इशारा एकेक करून वाचा. २०२५च्या जीसीसी १५मध्ये सीचं मूळ मानक सी२३ झालं: ‘बूल’ हा आता राखीव शब्द आहे, आणि फंक्शनच्या रिकाम्या कंसाचा अर्थ ‘काहीही द्या’ असा न राहता ‘काहीच देऊ नका’ असा झालाय.

टर्बो सी या डॉसच्या काळातल्या कंपायलरचा कोड हा स्वतंत्र प्रकार. आपल्याकडच्या कॉलेजांतून दोन पिढ्या त्यावर शिकल्या, त्यामुळे त्यात लिहिलेली हिशेबाची सॉफ्टवेअरं अजून कुठे कुठे तग धरून आहेत. ६४ बिट विंडोजवर १६ बिट प्रोग्राम चालतच नाहीत, म्हणून ती डॉसबॉक्स या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये दिसतात. क्लिअरस्क्रीन आणि ‘आयओस्ट्रीम डॉट एच’ बदलणं हे तासाभराचं काम. खरा पेच डेटा फाइलींचा असतो. टर्बो सीत इंट २ बाइटचा, आणि स्ट्रक्चरमध्ये मूळ सेटिंगला मोकळी जागा सोडली जात नाही. तेच स्ट्रक्चर आजच्या जीसीसीने वाचलं तर पहिल्या रेकॉर्डपासून आकडे घसरतात. लाँगचंही तसंच: तिथे ४ बाइट, ६४ बिट विंडोजवरही ४, पण ६४ बिट लिनक्सवर ८. फाइलीत जाणाऱ्या प्रत्येक फील्डला इंट१६, इंट३२ असे ठरलेल्या मापाचे टाइप द्या आणि स्ट्रक्चर पॅक करा. मग जुन्या फाइलीची बेरीज जुन्या प्रोग्रामच्या छापील रिपोर्टशी ताडून बघा.

पायरी ६: तिसऱ्याची लायब्ररी

काट्याच्या किंवा स्कॅनरच्या उत्पादकाने दिलेली तयार लायब्ररी जोडताना ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ आला आणि नावात ‘सीएक्सएक्स११’ दिसलं, तर गडबड २०१५ची आहे. जीसीसी ५ने स्ट्रिंग आणि लिस्ट यांची मेमरीतली रचना बदलली. जुन्या रचनेच्या लायब्ररीला नवी स्ट्रिंग कळत नाही. ‘जीलिबसीएक्सएक्स_यूज_सीएक्सएक्स११_एबीआय’ हा मॅक्रो शून्य करून तुमचा सगळा सी++ कोड पुन्हा बांधा. सगळा म्हणजे सगळा, अर्धा जुना अर्धा नवा नको. सेंटओएस ७वरचं डेव्हटूलसेट कायम जुनीच रचना वापरतं, तिथे हा मॅक्रो बदलून फरक पडत नाही.

विंडोज असेल तर

व्हिज्युअल स्टुडिओ २०१५, २०१७, २०१९ आणि २०२२ यांनी बांधलेले तुकडे एकत्र जोडता येतात. एक अट मात्र पाळावीच लागते: गिऱ्हाइकाच्या मशीनवरचं रिडिस्ट्रिब्युटेबल (व्हिज्युअल सी++च्या रनटाइम लायब्ऱ्यांचा संच) तुम्ही वापरलेल्या सर्वांत नव्या टूलसेटइतकं तरी नवं हवं. २०२४मध्ये २०२२च्या १७.१० अपडेटने म्युटेक्सची (थ्रेड एकमेकांच्या आड येऊ नयेत म्हणून लावायच्या लॉकची) रचना बदलली, तेव्हा जुनं रिडिस्ट्रिब्युटेबल असलेल्या मशीनवर प्रोग्राम पहिल्याच लॉकला कोसळू लागले. म्हणून सेटअपमध्ये रिडिस्ट्रिब्युटेबल नेहमी बरोबर द्या. एक्सपी अजून चालू असेल तर २०१७चा ‘व्ही१४१_एक्सपी’ टूलसेट लागतो.

पायरी ७: नेण्याआधी

व्हर्च्युअल मशीनमध्ये जुनी सिस्टिम तिच्या जुन्या कर्नलसकट बसवा आणि बायनरी तिथे एकदा चालवा. बिल्डच्या पर्यायांत ‘मार्च=नेटिव्ह’ कुठे लपलंय का बघा. त्याने कंपायलर तुमच्या लॅपटॉपच्या प्रोसेसरच्या सूचना वापरतो, आणि जुन्या सेलेरॉन प्रोसेसरवर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ येतं. लायब्ररीची सगळी लेबलं जुळत असतानाही. ३२ बिट मशीन असेल तर १९ जानेवारी २०३८ नंतरच्या तारखा हाताळायचा प्रश्न आहे. त्यासाठीचा ६४ बिट वेळेचा पर्याय जीलिबसी २.३४पासून मिळतो, तेव्हा तळ त्याखाली असला तर तारखा स्वतःच्या ६४ बिट फील्डमध्ये ठेवा.

बायनरी कुठल्या कंपायलरची आहे हे नंतर कळावं म्हणून ‘रीडएल्फ’ने तिचा कॉमेंट विभाग वाचून बिल्डच्या नोंदीत ठेवा, सोबत इमेजचं नाव आणि गिटचा कमिट. आणि कोटेशनमध्ये ‘लिनक्सवर चालेल’ असं मोघम लिहू नका. ‘६४ बिट, जीलिबसी २.१७ किंवा पुढची’ असं लिहा, एएमसीच्या करारातही तीच ओळ टाका. मालकाला त्या आकड्याचं घेणंदेणं नसेल, पण उद्या त्याच्या भाच्याने परस्पर पीसी बदलला किंवा फॉरमॅट केला, तर कुणाच्या खर्चाने महापेला जायचं ते त्या ओळीवरून ठरतं.